परतीचं भांडं

(अहमदी, कुवेत. जानेवारी १९६३, गुरुवारची दुपार. तेलकंपनीच्या कारकुनांच्या वस्तीतल्या एका क्वार्टरचं स्वयंपाकघर.)

असमा : ठाऊक नसेल तिथं काही लिहू नकोस, चिठ्ठी कोरीच परत पाठव. मिलेनानं मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आपा. आणि मी हसले होते.

फखरुन्निसा : मिलेना म्हणजे ती समोरची गोरी? वाळूत कांद्याची पात लावायची ती?

असमा : तीच. युगोस्लावियाची. आई आजारी म्हणून डिसेंबरात गावी गेली. आज सकाळी तिचं पत्र आलं, तेव्हापासून माझे हातपाय गार पडलेत.

फखरुन्निसा : गार पडलेत ते या उत्तरेच्या वाऱ्यानं. दार लोट आधी. मी एवढी कुवेत टाउनवरून बसनं आले, भाचीसाठी सांदणं करून आणली, आणि तू पोरीला कडेवर घेऊन कागद वाचत उभी. नझीरला ही तुझी नणंद काय सांगेल? तुझ्या बायकोनं पाणी पण विचारलं नाय.

असमा : पाणी देते. चहा ठेवते. पण ऐका ना आपा, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही हे.

फखरुन्निसा : मग बस. लैलाला इकडे दे. आणि पहिल्यापासून सांग, मी काय बी.ए. नाय झाले, मधूनच धरलं तर मला कळत नाय.

असमा : पाइपलाइनचा तो परदेशी कंत्राटदार आहे ना, त्याच्याकडे मिलेनाच्या गावाकडची बरीच माणसं आहेत. वेल्डर, फिटर. त्यांतल्या नऊ जणांनी बायकापोरं आणलीत, ती वाळवंटातल्या कॅम्पवर राहतात. कंत्राटदाराकडे घरातल्या खबरदारीची एक पुस्तिका आहे, आग, वीज, उन्हाची झळ, पोरांची औषधं, सगळं आहे तीत. पण सगळं इंग्रजीत. त्या बायकांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. मिलेना गावाकडे शाळामास्तरीण होती, तर तिच्या नवऱ्याच्या साहेबानं तिला सांगितलं, तुमच्या भाषेत करून द्या.

फखरुन्निसा : स्लाव्ह का काय ती भाषा.

असमा : स्लोवेनियन. तिचं इंग्रजी पुस्तकातून शिकलेलं. एक दिवस कुंपणापाशी उभी राहून तिनं मला विचारलं, तू कॉलेजात इंग्रजी शिकलीस म्हणे, मला मदत करशील का. मला इतका आनंद झाला, आपा. लग्नानंतर तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला कॉलेजातलं काही विचारत होतं.

फखरुन्निसा : नझीरला विचारलंस?

असमा : त्यांना ठाऊक होतं. ऑफिसात मात्र कुणाला नाही. मिलेनानंही माझं नाव कुठे घातलं नाही, मीच नको म्हटलं.

फखरुन्निसा : तेवढं बरं केलंस. मग? मदत म्हणजे काय, हा शब्द याला म्हणतात, तो शब्द त्याला म्हणतात, एवढंच ना?

असमा : मलाही तेच वाटलं होतं. पण इंग्रजीतला एकेक शब्द पाच घरी पाणी भरतो. स्प्रिंग घ्या. झरा म्हणजे स्प्रिंग, खाटेखालची तारेची गुंडाळी म्हणजे स्प्रिंग, आणि थंडी संपून झाडांना पालवी फुटते तो ऋतू, तोही स्प्रिंगच. मिलेनाच्या भाषेत या तिन्ही घरी तीन वेगळ्या बायका लागतात. झऱ्याला इझ्वीर, तारेला व्झमेत, ऋतूला पोमलाद. एकीच्या जागी दुसरी पाठवून चालत नाही.

फखरुन्निसा : मग आपल्यात काय निराळं हाय? लागणं घे. भूक लागते, आग लागते, होडी बंदराला लागते, माडाला नारळ लागतात. आणि सासूचं बोलणं लागतं ते वेगळंच.

असमा : अगदी हेच मी तिला म्हटलं. ती खूप हसली, आणि म्हणाली, म्हणूनच मी अर्थ विचारत नाही, वस्तू दाखव म्हणते. तिची रीतच तशी होती. पॅसेजमध्ये कपड्यांची दोरी बांधलेली. प्रत्येक अडलेल्या शब्दाची एक चिठ्ठी. वर इंग्रजी शब्द, त्याखाली पुस्तिकेतलं पूर्ण वाक्य, आणि त्याखाली तिच्या भाषेतले दोन, तीन, कधी पाच शब्द. त्या चिठ्ठ्या चिमट्यांनी दोरीवर टांगायच्या. आणि दोघींनी ती वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चिठ्ठी दोरीवरून उतरायची नाही.

फखरुन्निसा : वाळत घातल्यासारखी.

असमा : तसंच. एका शब्दासाठी आम्ही लैलाची गाडी ढकलत आगीच्या बंबाचा नळ बघायला गेलो होतो. एकीकडून पोलीस बघतोय, या दोन बायका नळाभोवती फिरतायत काय. एकदा रमजानात आली, मी पाणी घेईना. का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, फास्ट. ती पळत घरी गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. तिच्याकडे त्या शब्दाखाली फक्त जलद असं होतं. उपासाचा शब्द तिनं माझ्यासमोर लिहिला, आणि म्हणाली, हा मी आज पाहिला.

फखरुन्निसा : बाई चांगली होती म्हणायची.

असमा : काटेकोर होती. मला कधीकधी त्याचा राग यायचा. मी सांगितलं तरी हिला दाखवायला लागतं, मग मी बी.ए. कशाला झाले. हे मी तिला बोलले नाही. पण मनात होतं.

फखरुन्निसा : बरं. आणि आता तिनं काय लिहिलंय, ते तरी सांग. चहा उतू जातोय बघ.

असमा : आधी भांड्याचं सांगते, त्याशिवाय कळायचं नाही. तिच्याकडे एक निळ्या काठाचं इनॅमलचं भांडं होतं. पहिल्यांदा तिनं त्यातून अक्रोडाची गुंडाळी पाठवली, केकसारखी. मी त्यातून सांदणं पाठवली. मग तिकडून सफरचंदाचं काहीतरी आलं, मी शेवया पाठवल्या. वर्षभर ते भांडं रस्ता ओलांडताना एकदाही रिकामं नव्हतं.

फखरुन्निसा : ते बरोबर. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर टाकावी.

असमा : आईनं हेच शिकवलं. आणि आपा, माझं त्यातच चुकलं.

फखरुन्निसा : साखरेत काय चुकतं?

असमा : ती निघायच्या आदल्या दिवशी अकरा चिठ्ठ्या उरल्या होत्या. लैलाला गोवर निघालेला, म्हणून ती आत आली नाही. दारातूनच भांडं दिलं, त्यात त्या अकरा चिठ्ठ्या. म्हणाली, संध्याकाळी टाइप करून ऑफिसात देते, उद्या मी जातेय. जे पाहिलं नाहीस ते कोरं ठेव, मी ते वाक्यच गाळीन. लैलाला एकशेतीन ताप. एका हातानं तिच्या कपाळावर पाण्याची पट्टी, दुसऱ्या हातात पेन्सिल. आठ चिठ्ठ्या मला येत होत्या. तीन येत नव्हत्या.

फखरुन्निसा : मग कोऱ्या ठेवायच्या.

असमा : भांड्यातून आल्या होत्या ना. भांडं परत जायचं होतं. घरात शिजवलेलं काही नव्हतं, साखरसुद्धा संपलेली. म्हटलं, निदान चिठ्ठ्या तरी भरून द्याव्यात. वर्षभराचा शेजार, आणि शेवटच्या दिवशी कोरे कागद हातावर ठेवायचे, माझा हात होईना. तीनही चिठ्ठ्यांवर एकेका शब्दावर खूण केली. साखर टाकावी तशी. तिला वाटलं असणार, असमानं खूण केलीय म्हणजे पाहिलंय. वर्षभरात मी न पाहता कधी खूण केलीच नव्हती.

फखरुन्निसा : आता या तीनमधलं काय चुकलं?

असमा : दोन किरकोळ आहेत, एक रंगाबद्दल, एक दोरखंडाबद्दल. तिसरी रॉकेलच्या हीटरची. कॅम्पवरच्या खोल्यांत रॉकेलचे हीटर आहेत, मी ते कधी पाहिले नाहीत. आपल्याकडे विजेवर. वाक्य असं होतं, हीटरजवळचं हवेचं भोक क्लिअर ठेवा. त्या क्लिअरसाठी मिलेनानं तीन शब्द लिहिले होते, वर्षभरात तिचे तेवढे शब्द मला कळू लागले होते. एक म्हणजे स्वच्छ. एक म्हणजे स्पष्ट दिसेलसं. एक म्हणजे मोकळं. मी स्वच्छवर खूण केली.

फखरुन्निसा : मग बिघडलं कुठे? भोक स्वच्छ ठेवलं तर वाईट काय?

असमा : मीही डिसेंबरभर स्वतःला हेच सांगत होते. आज पत्र आलं. थांबा, हॉर्न वाजला. यूनुसचा टँकर आहे.

यूनुस : अस्सलाम आलेकुम. आपा, तुम्ही इथे? म्हणजे आज जेवणात नुसती डाळ नसणार. भाभी, यल्ला, लवकर भाकरी वाढा, मला दोन वाजेपर्यंत पाइपलाइनच्या कॅम्पवर पाणी टाकायचंय. तिथला मुदीर, म्हणजे मॅनेजर, घड्याळ बघत फाटकात उभा असतो. त्याला वाटतं, पाणी टँकरमध्ये आटतं.

फखरुन्निसा : हात धू आधी. चुलतभाऊ झालास म्हणून नझीरच्या घरात धुळीचे हात घेऊन बसू नकोस.

असमा : यूनुस, तू ज्या कॅम्पवर पाणी टाकतोस, तिथेच ती युगोस्लाव कुटुंबं राहतात ना?

यूनुस : तिथेच. कडेच्या नऊ केबिनी. गेल्या महिन्यात नवीन आल्या, लाकडी, आतून पुठ्ठा लावलेल्या. आधीचे तंबू वाऱ्यानं फाटले.

असमा : केबिन आतून पाहिलीस कधी?

यूनुस : बायकामाणसांच्या घरात कशाला जातोय, भाभी? पण रिकाम्या होत्या तेव्हा पाण्याच्या टाक्या बसवायला गेलो होतो. एक खिडकी, काच पक्की, उघडत नाही, धूळ येऊ नये म्हणून. एक दार. कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, आणि त्याच्यावर भिंतीत हाताच्या पंजाएवढं गोल भोक. जाळी लावलेलं.

असमा : दुसरं भोक?

यूनुस : नाही. कशाला पाहिजे? त्या एकातूनच एवढी वाळू येते.

असमा : आपा, ऐकलंत? आता पत्र ऐका, मी मराठीत सांगत जाते. आईची तब्येत तशीच आहे. बर्फ आहे. हां, इथून. विदानं मला पत्र लिहिलं. तुला विदा ठाऊक नाही, वेल्डरची बायको, बावीस वर्षांची, चार महिन्यांची मुलगी ब्रेदा. केबिन नंबर सात. बिचारीला लिहितावाचता जेमतेम येतं, पण आपली पुस्तिका तिनं उशाशी ठेवलीय आणि एकेक ओळ पाळते. हीटरजवळचं भोक रोज पुसते. आणि वाळूनं ते पुन्हा घाण होऊ नये म्हणून तिनं जाड ब्लँकेटचा तुकडा शिवून त्यावर खिळ्यांनी बसवलाय, वर लाल फुलं भरलीत. नव्या केबिनी मी पाहिल्या नाहीत, हे भोक म्हणजे छोटी खिडकी असावी. किती टापटिपीची पोर. हे वाचून मला वाटलं, असमा, आपण दोघींनी काहीतरी चांगलं केलं.

यूनुस : मग चांगलंच आहे की. लाल फुलं.

असमा : यूनुस, तिनं हवेचं भोक बंद केलंय. स्वच्छ ठेवायला. मी तिला स्वच्छ ठेव म्हणून सांगितलंय. ते मोकळं ठेवायचं होतं.

यूनुस : म्हणजे हवा बाहेर जायला आता वाटच नाही?

असमा : सोमवारपासून उत्तरेचा वारा आहे. दार बंद, खिडकी उघडत नाही, हीटर दिवसभर पेटलेला, आणि आत ती आणि चार महिन्यांची पोर. हीटरचा विषारी वायू दिसत नाही की त्याला वास येत नाही. माणसाला झोप येते, बस.

फखरुन्निसा : थांब. घाबरवू नकोस. चिमुकल्या भोकाला फडकं लावलं म्हणून एवढं काय होतंय? आणि आज गुरुवार, उद्या जुम्म्याची सुटी. बाप्ये संध्याकाळी लाइनवरून घरी येतात. नवरा बघेल काय ते.

असमा : नवराही येऊन त्याच खोलीत निजणार, आपा. हीटर आणखी मोठा करून.

फखरुन्निसा : मग त्याला काय सांगणार? माझ्या हातून चुकलं म्हणून? कंत्राटदाराचं ऑफिस विचारेल, ही बाई कोण. नझीर स्टोअरचा कारकून, त्याच्या बायकोनं परवानगीशिवाय कंपनीच्या कागदांत हात घातला. नोकरीचं काय? इकामा, इथं राहायचा परवाना, काढून घेतला तर बोटीत बसवून पाठवतील. तुझं नाव कुठे नाय, ते तसंच राहू दे. मी भावाच्या घरात राख बघायला नाय आले.

असमा : माझं नाव कुठे नाही, म्हणूनच कुणी मला विचारणार नाही, आणि ती चूक तशीच राहील.

यूनुस : भाभी, एक बोलू?

असमा : बोल.

यूनुस : सात नंबरची बाई मला ठाऊक आहे. पोर कडेवर घेऊन बाहेर येते, आणि मला बघून ओरडते, वोदा, वोदा. त्यांच्यात पाण्याला म्हणतात. मला तेवढा एकच शब्द येतो, मीही ओरडतो. पोर हसते. परवा मंगळवारी मी गेलो तर ती आली नाही. बादली दारात तशीच. मी हाक मारली, वोदा. दार किलकिलं उघडलं, ती आतच उभी राहिली, कपाळाला असा हात लावला. डोकं दुखतंय म्हणून. मी म्हटलं, थंडी बाधली असेल. बादली भरून ठेवली आणि निघून आलो.

असमा : पोर?

यूनुस : पोरीचा आवाज नाही ऐकला.

फखरुन्निसा : अल्ला.

असमा : आपा?

फखरुन्निसा : आमच्या दाभोळला अमिरुन्निसा होती. माझ्याएवढीच. तिच्या बाळंतपणात श्रावणझड लागलेली, गारठा येतो म्हणून सासूनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. सकाळी दार उघडलं तर माय, लेकरू आणि सुईण, तिघंही झोपल्यासारखी. सासू आयुष्यभर म्हणायची, मी तर ऊब केली. मी कितीक वर्षं ती गोष्ट बोलले नाय.

असमा : मला कधी सांगितली नाहीत.

फखरुन्निसा : तुला पोर झाली तेव्हा जिभेवर आली होती. यूनुस, ऊठ. भाकरी हातात घे, बसून खायची नाय आता.

यूनुस : जातो. पण जाऊन काय करू? तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. परका बाप्या दार ठोकून आत शिरला, भिंतीवरचं फडकं ओढू लागला, तर ती किंचाळेल. शेजारच्या बायका लाटणी घेऊन येतील. मला परत जायला टँकर उरणार नाही.

असमा : तिच्यापाशी जाण्याआधी दोनच मिनिटं फाटकापाशी थांब. कॅम्पची नर्स असते ना?

यूनुस : असते. अरबी आहे, इंग्रजी बोलते.

असमा : मी तिला चिठ्ठी देते. थांब, लिहितानाच वाचते, आपांनाही कळू दे. पुस्तिकेत हीटरच्या भोकाबद्दलचं वाक्य चुकीचं आहे. ते भोक नेहमी मोकळं हवं, त्यावर काहीही लावू नये. आता लगेच नऊही केबिनी उघडून पाहाव्यात, सात नंबर आधी. चूक मिलेनाची नाही, माझी आहे. मी ती वस्तू पाहिली नव्हती आणि पाहिल्यासारखं लिहिलं. असमा नझीर, क्वार्टर नंबर...

फखरुन्निसा : नंबर पण लिही. लिही. नझीरला मी सांगते संध्याकाळी, तू मध्ये पडू नकोस. तुझ्यावर रागावेल, माझ्यावर रागवायची त्याची हिंमत नाय.

यूनुस : आणि नर्स नसली तर? दुपारी ती दुसऱ्या कॅम्पवर जाते.

असमा : म्हणून दुसरीही तयारी करते. ही बघ मिलेनाची चिठ्ठी. भांड्याबरोबर ती परत गेली होती, पण टाइप झाल्यावर मिलेनानं सगळ्या चिठ्ठ्या मला आठवण म्हणून ठेवायला दिल्या. हा तिसरा शब्द, प्रोस्त. मोकळं. मिलेनाच्या हस्ताक्षरात आहे, विदा ओळखेल. स्वच्छवरची माझी खूण मी खोडतेय. प्रोस्तला गोल करतेय.

फखरुन्निसा : पुन्हा शब्दच पाठवतेस? ती पोर जेमतेम वाचते म्हणालीस.

असमा : बरोबर आहे, आपा. शब्दाखाली चित्र काढते. हे भोक, हा हीटर, भोकातून बाहेर जाणारे बाण. फडक्यावर मोठी फुली.

यूनुस : ही लाल फुलं का काढताय?

असमा : तिला कळायला पाहिजे, की हे तिच्याच घरचं आहे.

फखरुन्निसा : आणि दार उघडेल कशानं? कागद दाखवून बाई परक्याला दार उघडत नाय. असमा, ते निळ्या काठाचं भांडं कुठे आहे?

असमा : शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या त्यातूनच परत आल्या, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. जाताना ती म्हणाली, परत येईन तेव्हा दे.

फखरुन्निसा : काढ. ही सांदणं घाल त्यात, लैलाला मी पुन्हा करीन. मिलेनाचं भांडं त्या कॅम्पवरच्या सगळ्या बायकांनी पाहिलेलं असणार. ते हातात दिसलं की उघडेल. यूनुस, आधी भांडं दे, मग कागद, मग भिंतीकडे बोट दाखव. उंबऱ्याबाहेरच राहा आणि दार सताड उघडं ठेव. वारा आत जाऊ दे.

यूनुस : उघडलंच नाही तर?

असमा : तर हाक मार. वोदा म्हण. तीनदा म्हण.

यूनुस : तरी नाही उघडलं तर?

असमा : तर दार मोड, यूनुस. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

फखरुन्निसा : माझंही सांग. दाभोळची म्हण.

यूनुस : मुदीरला काय सांगू? दोनच्या आधी आलो तर त्याला वाटेल, मी आजारी आहे.

फखरुन्निसा : जीभ आवर आणि गाडी काढ. आणि रस्त्यात मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवत बसू नकोस, बाजूनं वाळूतून घाल.

यूनुस : निघालो. भाभी, तुम्ही दारात नका उभं राहू, वारा आहे. लैलाला बाधेल.

असमा : उभी राहणार. धुळीचा लोट दिसेल परतताना, तिथपासून तुझी वाट बघीन. भांडं धर. दोन्ही हातांनी.

यूनुस : जड आहे.

फखरुन्निसा : बारा सांदणं आहेत.

यूनुस : हे परत आणायचं की तिथेच ठेवायचं? तिनं रिकामं परत द्यायला मागेपुढे केलं तर? त्या बायकाही तुमच्यासारख्याच असतील, काहीतरी भरल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

असमा : भांडं रिकामं आलं तरी चालेल, यूनुस. नाही आलं तरी चालेल. तू दारात थांब, आणि ब्रेदा रडतेय का, तेवढं स्वतःच्या कानानं ऐकून ये.